मेनिफोल्डची शिट्टी

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्या काय म्हणाल्या ते मला नीटसं कळलंच नव्हतं. मी आपलं "हो जी, हो जी" करत होतो. फोन ठेवल्यावर पुष्पानं, म्हणजे आमच्या घरच्या मंडळींनी सांगितलं, "दिवाळी अंकासाठी गॅरेजच्या गमतीजमती लिहून द्या म्हणे. तुम्ही कबूल करून बसले." आता कबूल केलं तर लिहिणं आलंच. गमती माझ्याकडे पोतंभर आहेत. पण ज्या गोष्टीनं माझी मान खाली गेली ती सोडून नुसत्या गमती लिहिल्या, तर आमच्या गल्लीतली माणसं अंक वाचून हसतील. आणि हसली तरी ते मला ऐकू यायचं नाही.

आमचं गॅरेज अमरावतीत, राजापेठेच्या मागच्या एका गल्लीत. समोर बंडू वेल्डर, त्याच्या शेजारी टायरवाला, पलीकडे रेडिएटरवाला. डिझेल गाड्यांचं काम माझं, आणि अख्ख्या गल्लीत नाव माझ्या कानाचं. बाकीचे मेकॅनिक गाडी पाहायचे, मी आधी ऐकायचो. गिऱ्हाईक चावी द्यायला हात पुढे करायचं, तोवर माझं सांगून व्हायचं, "टॅपेट ढिले झाले, बसा, चहा घ्या."

रिद्धपूरहून एक गृहस्थ जीप घेऊन आले होते. चढावर मागून खडखड आवाज येतो, म्हणून दोन ठिकाणी गिअरबॉक्स उतरवून झाला होता. मी त्यांना गल्लीत एक चक्कर मारायला लावली आणि म्हटलं, "काका, मागच्या सीटखाली हात घाला." हात घातला तर चकलीचा सोऱ्या निघाला. घरी त्यांची बायको दिवाळीपासून सोऱ्या शोधत होती, सुनेवर आळही घेऊन झाला होता. दर्यापूरच्या एका ट्रॅक्टरवाल्याचं निदान तर मी फोनवर केलं होतं. "फोन इंजिनापाशी धर बे," म्हटलं, आणि नोझल कोणतं खराब आहे ते इथं बसून सांगितलं. अशा गोष्टी पसरतात. माणसाला त्या स्वतःलाही खऱ्या वाटायला लागतात, आणि मग तो माणूस बिघडतो. मी बिघडलो.

आता ज्यांना बॉनेटखालचं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनाला डिझेल लागतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याहून जास्त लागते हवा. बाहेरची हवा एअर क्लीनरमधून गाळून येते. टर्बो म्हणजे एक भन्नाट फिरणारा पंखा, तो ती हवा दाबून पुढे ढकलतो. पुढे चार सिलिंडर असतात. एका पाइपातली हवा चौघांना सारखी वाटून देणारा जो धातूचा फाटेफाट्यांचा भाग असतो, तो इनटेक मेनिफोल्ड. एका टाकीवरून चार घरांना नळ दिल्यासारखं काम. त्याला फिरणारा एकही भाग नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही.

जुन्या पिकअपला मात्र तो छळतो. धूर कमी व्हावा म्हणून जळून निघालेल्या धुरातला थोडा परत आत घ्यायची सोय या गाड्यांत असते. त्या धुराची काजळी आणि इंजिनातल्या तेलाची वाफ एक झाली की मेनिफोल्डच्या आत काळा चिकट थर बसतो. नळ आतून चोंदतो. शिवाय हा मेनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचा. तापून, गार होऊन, कुठंतरी त्याला केसाएवढी चीर जाते. मग रेस दिली की दाबलेली हवा त्या चिरेतून शिट्टी मारत बाहेर पडते. इंजिनाला हवा पुरत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काळा धूर निघतो, आणि चढावर गाडी बसलेल्या बैलासारखी करते. हवा कमी पडते म्हणून टर्बो बिचारा आणखी जोरात फिरतो. फिरून फिरून एक दिवस मरतो. एका चिरेपायी एवढं सगळं.

ती शिट्टी बारीक असते. अगदी बारीक.

अजून एक गोष्ट आधी सांगायला हवी, ती म्हणजे आमच्या गल्लीचा कायदा. दुसऱ्याच्या बॉनेटमध्ये तोंड घालायचं नाही. गाडी ज्याच्या दारात उभी, निदान त्याचं. तो समोर खड्ड्यात पडत असला तरी गिऱ्हाइकादेखत बोलायचं नाही. हा कायदा काही आभाळातून पडला नव्हता, मीच केला होता. एकदा बंडू वेल्डर सहज रस्ता ओलांडून आला, माझ्या पुढ्यातल्या इंजिनाकडे बघून म्हणाला, "भाऊ, बेअरिंग वाजून राहिली वाटते." गिऱ्हाईक उभं होतं. माझ्या अंगाचा भडका उडाला. "तुह्या वेल्डिंगवर मी येतो का बे बोट दाखवाले? मोठा आला कानवाला!" बंडू मुकाट गेला. बेअरिंगच होती, ती गोष्ट वेगळी. तेव्हापासून माझ्या कामावर गल्लीत कुणी हूं की चूं केलं नाही. माझ्याकडे वर्षानुवर्षं काम करणारा गजू, चांगला हाताखालून तयार झालेला मेकॅनिक, दोन पोरींचा बाप, तोसुद्धा माझ्या निदानावर बोलायचा नाही.

आणि नेमका मी बहिरा होत चाललो होतो.

बहिरेपण असं दारावर थाप मारून येत नाही हो. हातोडा, ग्राइंडर, इंजिन, सगळी जिंदगी त्या कल्ल्यात गेली. आधी बारीक आवाज जातात. इंजिनाची धडधड मला छान ऐकू यायची, माणसाचं भरड बोलणं ऐकू यायचं, म्हणून कान शाबूत आहे असंच मी धरून चाललो होतो. कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही, तर मी पुष्पाला म्हणायचो, कुकर खराब झाला. वरण दोनदा करपलं, तेव्हा म्हटलं, कंपन्या आता मालच हलका काढतात. मोबाइल वाजला नाही तर मोबाइल भंगार. आजकालची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, हे तर मी चारचौघांत ठासून सांगायचो. पुष्पा म्हणायची, "एकदा कानाच्या डॉक्टरले दाखवा ना." मी म्हणायचो, "माह्या कानावर तर घर चाललं, अन् त्यालेच दाखवू?"

अशात युसूफभाईंची पिकअप आली.

युसूफभाई अकोल्याच्या जुन्या शहरातले. गाद्या-रजयांचं काम. मशीनवर कापूस पिंजतात, गाद्या भरतात, आणि त्यांच्या घरच्या, म्हणजे शमीमभाभी, त्यांना टाके घालतात. दाभण आणि जाड दोरा घेऊन गादीला असे एका रेषेत टाके घालायच्या की मशीननं मान खाली घालावी. मग गाद्या पिकअपमध्ये डोंगराएवढ्या रचून दोघं बाजाराच्या गावांना जायचे. अकोल्यात काय मेकॅनिक नव्हते? पण गाडीचं काही निघालं की युसूफभाई मूर्तिजापूर, बडनेरा ओलांडून माझ्याकडेच यायचे. "कान त एकच हाये वऱ्हाडात, दिनकरभाऊचा," असं ते लोकांना सांगायचे. आमची दोस्ती इतकी जुनी की ईदेला शिरखुर्म्याचा डबा आमच्याकडे आणि दिवाळीला पुष्पाच्या चकल्या त्यांच्याकडे ठरलेल्या.

शमीमभाभींबद्दल माझं एक मत होतं, ते पुष्पाला मी बोलूनही दाखवलं होतं. बाई लाखमोलाची, पण आवाज म्हणजे भोंगा. गॅरेजच्या दारातून "कसे हाये भाऊ?" म्हटलं की टायरवाला वळून बघायचा. पुष्पा म्हणायची, "काहीतरीच तुमचं! त्या त किती हळू बोलतात." मी हसायचो. बायकांची बाजू बायकाच घेणार.

त्या दिवशी दोघंही आले होते. युसूफभाई म्हणाले, "दिनकरभाऊ, गाडीत दमच नाही राह्यला. चढावर काळा धूर फेकते. अन् बारीक शिटी वाजून राहिली."

शमीमभाभी त्यांच्या त्या आवाजात म्हणाल्या, "रेस देली का वाजते, भाऊ! सोडली का बंद!"

आता वरचं सगळं वाचलेल्या कुणालाही या एका वाक्यात निदान सापडेल. मलाही सापडलं. मेनिफोल्ड. मी आणि गजूनं तो उतरवला. आतून चोंदलेला होताच, चौथ्या फाट्यात करंगळी जाईना. युसूफभाई म्हणाले, "भाऊ, जुना झाला. नवाच टाकून देऊ ना." मी म्हटलं, "काहून? हा तुमच्या-माह्यापरीस जास्त जगन." खरवडून, रॉकेलमध्ये भिजवून तो मी चांदीसारखा चकचकीत केला. बुडाशी, धूर परत येतो त्या पाइपाजवळ, तेलकट काळी रेघ होती. ती मी पुसली. तेल पुसतात तशी पुसली. त्या रेघेखाली काय आहे ते पाहिलं नाही, कारण पाहायची सवयच सुटली होती. मी ऐकणारा माणूस. नवी पॅकिंग घातली, बोल्ट कसले, गाडी सुरू केली.

गजूनं रेस दिली. इंजिन दमदार बोललं. मी डोळे मिटून ऐकलं, हे माझं नेहमीचं, लोकांना बघायला आवडायचं. म्हटलं, "झालं काम. लोण्यावानी चालून राहिली."

शमीमभाभी म्हणाल्या, "वाजते ना, भाऊ."

"काय वाजते?"

"शिटी."

मी परत रेस द्यायला लावली. परत डोळे मिटले. मला काही, काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. आणि ऐकू येत नाही याचा अर्थ आवाज नाही, याबद्दल माझ्या मनात तिळाएवढी शंका नव्हती. मी म्हटलं, "भाभी, तुमच्या कानात त्या पिंजाच्या मशीनचा आवाज बसला हाये. काही वाजत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं, तेव्हा मला वाटलं त्या ओशाळल्या. युसूफभाईंनी गजूकडे पाहिलं. गजू पाने पुसत होता. बंडू समोरून बघत होता, टायरवालाही दारात उभा होता, पण कुणी बोललं नाही. शमीमभाभी मोठ्यानं म्हणाल्या, "नसन वाजत मंग! मलेच भास झाला असन! चला जी." आणि गाडीत जाऊन बसल्या. युसूफभाईही मग म्हणाले, "दिनकरभाऊ म्हणते नाही, त नाही."

पंधरवडा झाला असेल. हिवाळ्याच्या तोंडावर मेळघाटातल्या एका वसतिगृहाची त्यांना मोठी ऑर्डर मिळाली होती, गाद्या, उश्या, रजया. शिवाय त्या हंगामाच्या घरगुती ऑर्डरी होत्याच. हिवाळ्याच्या आधीचे ते दिवस म्हणजे त्यांच्या वर्षाची भाकर. दुपारी आम्ही जेवण आटोपून बसलो होतो आणि माझा फोन गजूनं आणून हातात दिला. "वाजून राहिला, उस्ताद. युसूफभाई हायेत."

मी कानाला लावला. आतून एक प्रचंड घरघर. त्या घरघरीच्या मागे युसूफभाई ओरडत होते, पण शब्द एकही कळेना. मी म्हणत होतो, "काय? काय झालं? जोरात बोला ना!" ते जिवाच्या आकांतानं जोरातच बोलत होते. मी चौथ्यांदा "काय?" म्हटलं तेव्हा गजूनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. माझ्या गॅरेजमध्ये, माझ्या हातातून. गल्ली बघत होती.

परतवाड्याच्या पुढं घाटात त्यांची गाडी उभी होती. चढावर टर्बो गेला होता. टर्बो गेला की त्याचं तेल हवेच्या पाइपात उतरतं, आणि डिझेल इंजिन असं हावरट की ते तेलच पिऊन चालायला लागतं. मग चावी बंद केली तरी थांबत नाही, उलट पिसाळतं, फुटेपर्यंत रेस घेत जातं. युसूफभाईंनी चावी काढून हातात धरली होती आणि इंजिन चावीशिवाय किंचाळत होतं. मागे गाद्यांचा डोंगर, म्हणजे नुसता कापूस. चारी बाजूंनी धूर.

गजू ओरडला, "भाई, हवा बंद करा! एअर क्लीनरचा रबरी पाइप उपटा अन् तोंडात उशी कोंबा! उशी! दाबून धरा, सोडू नका!"

मग फोनमधून काय ऐकू आलं ते गजूलाच ठाऊक. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभा होतो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी गॅरेजमध्ये दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून समजून घेत होतो की काय चाललंय. शेवटी गजूनं श्वास सोडला. "बंद पडली," म्हणाला. "दोघं बरे हायेत." फोन माझ्या हातात परत देत म्हणाला, "भाभीचा हात भाजला."

युसूफभाईंनी पाइप उपटला होता आणि उशी भाभींनी कोंबली होती. इंजिन ती उशी आत ओढत होतं, भाभी दोन्ही हातांनी दाबत होत्या, आणि त्या दाबण्यात उजवा तळवा बाजूच्या तापलेल्या लोखंडावर टेकला. टेकला तरी त्यांनी उचलला नाही. उचलला असता तर इंजिन फुटलं असतं, कदाचित कापूसही पेटला असता. उजवा हात. दाभणाचा हात.

दुसऱ्या दिवशी टेम्पोला बांधून पिकअप माझ्या दारात आली. माल दुसऱ्या गाडीनं वसतिगृहाला पोचला होता. मी युसूफभाईंना म्हटलं, "भाई, आता दुसऱ्याकडे दाखवा. माह्याच्यानं..." ते मला पुरतं बोलूच देईनात. "काहून? तुमीच उघडली, तुमीच बंद करसान." त्यांच्या आवाजात रागाचा एक कण नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मेनिफोल्ड पुन्हा उतरवला. फळकुटं लावून चारी तोंडं बंद केली, एका बाजूनं कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि साबणाचा फेस वर ओतला. हा प्रकार मी सगळी हयात कच्च्या मेकॅनिकचा म्हणून हसण्यावारी नेला होता. कान आहे तर साबण कशाला? त्या काळ्या रेघेच्या जागी बुडबुडे आले. लहान पोरं उडवतात तसे, एकामागून एक, मजेत. अख्ख्या गल्लीनं पाहिले.

मी गजूला विचारलं, "त्या दिवशी तुले शिटी ऐकू येत होती?"

गजू खाली बघत म्हणाला, "हो, उस्ताद."

"बंडूले?"

"साऱ्याईले येत होती. रस्त्यावर येत होती."

"अन् सांगतलं काहून नाही बे?"

त्यानं मान वर केली. "कायदा तुमचाच ना जी," म्हणाला. आणि मग हळूच म्हणाला, निदान ओठांवरून मला तसं वाटलं, "तुमाले ऐकू येत नाही, हे मालूम होतं आमाले. कसं सांगणार?"

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. मी डोळे मिटून इंजिन ऐकायचं सोंग करत होतो आणि गल्ली मुकाट बघत होती. किती गाड्या अशा गेल्या असतील? कोण जाणे. गजूनं मागाहून सांगितलं, काही तो गुपचूप दुरुस्त करायचा, मी जेवायला घरी गेलो की. मला वाटायचं माझं निदान अजून बाणासारखं लागतं.

मेनिफोल्ड नवा आणला, टर्बोही. बसवायचं काम मी स्वतः केलं, गजूला म्हटलं तू फक्त बघ, चुकलं तर बोल. इंजिनाच्या डोक्याला, म्हणजे हेडला, हवा आत जायची जी तोंडं असतात त्यांत आधी स्वच्छ फडकी कोंबायची, नाहीतर एखादा वायसर आत पडला तर इंजिनाचं वाटोळं. बसायची जागा घासायची, पण ओरखडा पडू द्यायचा नाही. फडकी आठवणीनं काढायची. पॅकिंग कोरडी लावायची. बोल्ट मधल्यापासून कसत कडेला जायचं, तेही एका दमात नाही. थोडे थोडे, फिरून फिरून, म्हणजे मेनिफोल्ड वाकत नाही. आणि टर्बो गेलेल्या गाडीचे सगळे पाइप, हवा गार करायची जाळी, सगळं उतरवून आतलं तेल निथळून काढायचं, नाहीतर नव्या टर्बोवरही गाडी तशीच पिसाळते. आमच्या पाइपात तेलाबरोबर उशीचा कापूस होता. काळाकुट्ट, चिकट. तो मी चिमट्यानं तंतू तंतू करून काढला. गजू म्हणाला, पाइपच बदलू. मी म्हटलं, राहू दे. मला तो हातानंच काढायचा होता.

गाडी सुरू केली तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. रस्त्याकडे तोंड करून हाक मारली, "बंडू, ये ना बे इकडे. वाजते का पाह्य." बंडूला आधी खरं वाटेना. मग तो आला, त्यानं बॉनेटमध्ये तोंड घातलं, टायरवालाही आला. बंडू बराच वेळ ऐकत होता. शेवटी त्यानं हातानंच खूण केली, नाही. बोलला नाही. माझ्यावर मोठ्यानं ओरडायला नको म्हणून बोलला नसावा.

गाडी पोचवायला अकोल्याला मी आणि पुष्पाच गेलो. जुन्या शहरात मोर्णा नदीच्या पुलापलीकडे त्यांची गल्ली. शमीमभाभी दारात आल्या. उजव्या हाताला पट्टी, बोटं अर्धी उघडी. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी त्यांच्या त्या भोंग्यात म्हटलं, "या भाऊ! बसा! पंखा लावू का?" आत भिंतीला टेकवून न शिवलेल्या गाद्या उभ्या होत्या, हंगामाच्या ऑर्डरीच्या. त्यांची सून एकीवर टाके घालायला बसली होती आणि टाका वाकडा जात होता. युसूफभाई म्हणाले, डॉक्टर म्हणते जखम भरन, पण बोटं पहिल्यासारखे वळतीन का ते सांगता येत नाही. काही ऑर्डरी परत गेल्या होत्या. मी माफी मागितली. शब्द काय वापरले ते आठवत नाही, पण मागितली, दोघांची, हात जोडून. युसूफभाईंनी माझे हात खाली केले. "लोखंड हाये भाऊ," म्हणाले, "लोखंडाचं काय सांगता येते?"

भाभी चहा करायला आत गेल्या, पुष्पा मदतीला गेली. मधलं दार उघडं होतं. आतल्या दोघी बोलत होत्या. भाभी पुष्पाला काहीतरी सांगत होत्या, बरंच काही. हातवारे नाहीत, कपाळाला आठी नाही, ओठ जेमतेम हलत होते. मी कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला. एक अक्षर पोचलं नाही. मी युसूफभाईंना म्हटलं, "भाभी आज इतक्या हळू काहून बोलून राहिल्या? तब्येत बरी नाही का?"

युसूफभाई म्हणाले, "ते त हमेशा अशीच बोलते भाऊ. तुमच्यासंगच..." आणि जीभ चावून थांबले.

थांबले तरी काय उरलं होतं? शमीमभाभी माझ्याशीच मोठ्यानं बोलत होत्या. एवढ्या वर्षांपासून. पुष्पाच्या आधी, डॉक्टरच्या आधी, माझ्या स्वतःच्या आधी त्या बाईला कळलं होतं, आणि कुणाला न सांगता तिनं आपला आवाज वर चढवला होता, तिचं बोलणं मला समजावं म्हणून, आणि मला ऐकू येत नाही हे मला कळू नये म्हणून. आणि त्या दिवशी गॅरेजमध्ये शिट्टी तिला धडधडीत ऐकू येत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं, आणि म्हणाली, मलेच भास झाला असन. मी समजलो ती ओशाळली. ती माझी अब्रू झाकत होती. आणि त्याच गाडीत जाऊन बसली.

आता माझ्या कानात मशीन आहे. कुकर ऐकू येतो, चिमण्या ऐकू येतात, गजूनं नवी पिकअप घेतली तिची टर्बोची शिट्टीसुद्धा ऐकू येते. फोनवरचं आणि लांबचं बोलणं मात्र अजूनही निसटतं. गल्लीचा कायदा मी मोडीत काढला. माझ्या बॉनेटमध्ये आता येणारा जाणारा तोंड घालतो.

पण त्या दिवशी अकोल्यात मशीन नव्हतं. भाभी चहा घेऊन आल्या, कपबशी डाव्या हातात धरून, उजवा पट्टीचा हात नुसता खालून टेकवलेला. माझ्यापुढे वाकल्या आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साखर बराबर हाये ना, भाऊ?"

मी हो म्हटलं. चहा अजून ओठाला लागलाही नव्हता. मान वर करून त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.